मिस्तरींचं नाक

गेले आठ महिने मिस्तरी घाबरलेले होते आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

वरून सगळं जिथल्या तिथे होतं. गॅरेज सकाळी साडेआठला उघडत होतं, पाने भिंतीवर आपापल्या खिळ्याला लटकत होते आणि कोणत्याही गाडीचं बॉनेट उघडलं की मिस्तरी आधी डोळे मिटून, मान पुढे करून एक लांब श्वास घेत होते. या श्वासावर त्यांनी तीस वर्षं नाव कमावलं होतं. क्लच जळतोय, कूलंट गळतंय, तेल गरम पाइपवर ठिबकतंय, उंदराने वायर कुरतडून तिथेच जीव सोडलाय, हे सगळं ते मीटर लावायच्या आधी सांगून मोकळे व्हायचे. एकदा एक जण जुनी गाडी विकत घेण्याआधी दाखवायला घेऊन आला. मिस्तरींनी दार उघडलं, नाक आत घातलं आणि म्हणाले, "पुरातून निघालेली आहे. मागचं सीट काढा, चिखल असेल." सीट काढलं, चिखल निघाला. तेव्हापासून ते 'नाकवाले मिस्तरी' झाले. लोकांना कौतुक करायला माणसाचा एखादा अवयव सापडला की ते उरलेला माणूस विसरतात.

आठ महिन्यांपूर्वी त्यांना पाच दिवस ताप आला. ताप गेला तो नाक घेऊन गेला. सहाव्या दिवशी त्यांनी पेट्रोलचा कॅन उघडला आणि पाण्याचा उघडल्यासारखं वाटलं. त्यांनी कांदा हुंगला, फिनेल हुंगलं, स्वतःचा घामेजलेला शर्ट हुंगला. काही नाही. डॉक्टर म्हणाले, "येईल हळूहळू. काहींचा परत येतो, काहींचा नाही." घरी येऊन मिस्तरींनी बायकोला सांगितलं की डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हणून सांगितलंय. झाकली मूठ सव्वा लाखाची. नाक नसलेल्या नाकवाल्या मिस्तरीकडे कोण कशाला येईल, असं त्यांना वाटलं, आणि एकदा वाटलं ते वाटलंच.

मग त्यांनी एक युक्ती काढली. बॉनेट उघडायचं, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा आणि गिऱ्हाइकालाच विचारायचं, "तुम्हाला काय वाटतं, कसला वास येतोय?" गिऱ्हाईक खूश होऊन हुंगायचं. "जळकट वाटतो जरा." मिस्तरी मान डोलवायचे. "बरोबर. रबर आहे." उरलेलं काम डोळे, कान आणि इतके दिवस ड्रॉवरमध्ये धूळ खात पडलेला स्कॅनर करायचा. बिंग फुटलं नाही. पण दर वेळी तळहाताला घाम फुटायचा आणि तो ते फडक्याला पुसायचे.

खोटं घरातही शिरलं होतं. पाच महिन्यांपूर्वी लेकीला मुलगी झाली. जावई नव्या गावात नोकरीला लागून घर लावण्याच्या खटपटीत होता, म्हणून लेक तोवर आईबाबांकडेच होती. दवाखान्यात नर्सने गाठोडं हातात दिलं तेव्हा मिस्तरींनी सवयीने नाक त्या इवल्या डोक्याला टेकवलं. त्यांना काही म्हणजे काही आलं नाही. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. "अगं, हिला तुझाच वास आहे," ते लेकीला म्हणाले. "तू झालीस तेव्हा अगदी हाच." लेक हसता हसता रडली. बाळाचं नाव पुढे काहीही ठेवलं असो, आजोबांनी तिला 'ठमी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं.

आज लेक निघणार होती. घर लागलं होतं, नवरा वाट बघत होता. तीन-साडेतीन तासांचा रस्ता, थंडीचे दिवस, तेव्हा उजेडात पोचायचं म्हणून सकाळी अकराच्या आत निघायचं ठरलं. गाडी म्हणजे मिस्तरींचीच जुनी, अठरा वर्षांची, लेकीला पहिली नोकरी लागली तेव्हा त्यांनी देऊन टाकलेली. घरात तिला 'म्हातारी' म्हणत. नऊ वाजता लेकीने म्हातारी गॅरेजवरच्या घराच्या जिन्याखालून काढून गॅरेजमध्ये आणली आणि इंजिन चालूच ठेवून खाली उतरली.

"बाबा, तो इंजिनाचा दिवा परत लागलाय बघा. दोन आठवडे झाले, येतो-जातो करतोय. पेट्रोल पण ढोसतेय नुसतं. आणि आत कसला तरी वास येतो हो. धुरकट. हीटर लावला की जास्त."

दिव्याचं मिस्तरींना काही नव्हतं, पेट्रोलचंही नव्हतं. वासाचं होतं. त्यांनी दारातून डोकं आत घातलं, डोळे मिटले, लांब श्वास घेतला. कोरी हवा. लेक शेजारी उभी राहून निकालाची वाट बघत होती. तिला "तुला काय वाटतं?" विचारायची सोय नव्हती, तिने तर आधीच सांगून टाकलं होतं. 'हो, येतोय' म्हणावं तर ती पुढे विचारणार, कसला? तेलाचा, रबराचा, पेट्रोलचा? लहानपणी याच गॅरेजमध्ये स्टुलावर बसवून त्यांनी तिला हे सगळे वास एकेक करून शिकवले होते. इतर कोणाला फसवता आलं असतं. तिने एका वाक्यात पकडलं असतं.

"वास-बीस काही नाही," मिस्तरी म्हणाले. "सीटखाली बाळाची दुधाची बाटली सांडली असेल."

"बघा! मला वाटलंच. ठमी झाल्यापासून माझं नाकच फिरलंय."

या घराची ही एक तऱ्हाच होती. दूध नासलंय का, अंडं चांगलं आहे का, गॅस चालू राहिलाय का, सगळं बाबांच्या नाकासमोर न्यायचं. बाबांना वास आला नाही म्हणजे वास नाही. मग स्वतःच्या नाकाने कितीही बोंब मारली तरी तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नसे.

"आणि डोकं सारखं धरलेलं असतं," लेक कपाळ चोळत म्हणाली.

"रात्र रात्र जागल्यावर धरेल नाही तर काय!" जिन्यावरून मिस्तरींच्या बायकोने आवाज दिला. तिच्या खांद्यावर ठमी होती. "पोरगी मात्र गुणाची आहे. गाडीत बसली की पाच मिनिटांत गुडूप. परवा लस टोचून आणली तर उठवून उठवून दमले मी."

मिस्तरींनी तेवढ्यावर बोलणं थांबवलं आणि स्कॅनर लावला. नाकापेक्षा त्यांना आता तो बरा वाटायचा, कारण तो कोणाच्या तोंडाकडे बघत नाही. स्कॅनर म्हणाला, मिश्रण पातळ आहे, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. खबर देणारा होता पहिला ऑक्सिजन सेन्सर. म्हाताऱ्या गाडीला असे दोन होते, धूर साफ करणाऱ्या डब्याच्या आधी एक आणि नंतर एक. पाइपात बसून सेन्सर जाणाऱ्या धुरात प्राणवायू किती उरलाय ते हुंगतो, संगणकाला कळवतो आणि संगणक त्याप्रमाणे पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो. म्हणजे गाडीचं नाकच म्हणा ना. मिस्तरींनी पहिल्याच्या वायरवर मीटर धरला. चांगल्या सेन्सरचा काटा वर-खाली नाचत असतो. हा खाली पडून राहिला होता.

"मेलाय," मिस्तरी म्हणाले. "अठरा वर्षं मूळचाच आहे. बदलून टाकतो."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. काटा खाली पडायला दोन कारणं असतात. एक, सेन्सर मेलेला आहे. दोन, सेन्सर जिवंत आहे आणि खरं बोलतोय, म्हणजे त्याच्या वरच्या बाजूला कुठेतरी पाइप तडकलाय आणि तिथून बाहेरची हवा आत शिरतेय. दुसरं कारण तपासायचं तर इंजिनाच्या पाठीमागे, मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर गोळा करणाऱ्या पाइपांवर, बसवलेला पत्रा उघडावा लागतो. त्याचे चार बोल्ट गंजलेले असतात, त्यातला एक तरी तुटतोच, आणि दिवस जातो. तीस वर्षं मिस्तरींनी हा पत्रा नाकाने सांगितल्याशिवाय उघडला नव्हता. तडा असला तर बॉनेट उघडताच कच्च्या धुराचा वास यायचा. वास नसला तर पत्र्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम होता. आजही वास नव्हता. जे नाक आठ महिने मुकं होतं, त्याचं गप्प बसणं त्यांनी जुन्या सवयीने 'नाही' असं धरलं. त्यांच्या स्वतःच्याही ते लक्षात आलं नाही.

ते गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. इंजिनाच्या मागून खाली उतरणाऱ्या पाइपावर सेन्सर होता, अजून गरम. गंजावर तेल मारून दहा मिनिटं थांबले, मग वायर जायला चीर पाडलेला सॉकेट चढवला आणि लांब पान्याने जोर लावला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा 'कट्ट' करून आटे सुटले. नव्याच्या आट्यांना पेस्ट लावली, टोकाला लागू दिली नाही, हाताने चार फेरे दिले, मग पान्याने बेताने आवळला. वायरचा जोड बसला. स्कॅनरने जुनी तक्रार पुसली, गाडी चालू केली, दिवा गेला.

"झालं," मिस्तरी म्हणाले, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं.

पावणेअकराला लेक निघाली. ठमी मागच्या सीटवर टोपलीत, टोपीत आणि दोन दुपट्यांत. काचा वर, हीटर चालू.

"गाडी चालवताना फोन उचलायचा नाही," मिस्तरींनी नेहमीचं बजावलं.

"कधी उचललाय? तुम्हीच कान उपटाल." लेक हसली, आणि म्हातारी वळणावरून गेली.

मिस्तरींची अजून एक सवय होती. काढलेला पार्ट ते कधी तसाच भंगारात टाकत नसत. आधी बाकावर त्याची साक्ष घ्यायची. पंप असो, प्लग असो, तो नक्की कशाने मेला ते बघायचं, मगच टाकायचा. पूर्वी सगळं नाकाने आधीच ठरलेलं असायचं, त्यामुळे ही साक्ष म्हणजे नुसता शिरस्ता होता. आज चहा झाला, बेकरीवाल्याच्या व्हॅनचे ब्रेक पॅड बसवून झाले, आणि साडेअकराच्या सुमाराला त्यांनी तो जुना सेन्सर हातात घेतला.

टोक काळं होतं. काजळी बसलेलं.

मिस्तरी थांबले. पातळ मिश्रण असलं तर टोक करडं, पांढुरकं असतं. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जळतंय. सेन्सर ओरडत होता पेट्रोल कमी, आणि त्याच्याच तोंडाला काजळी. त्यांनी सेन्सर बाकाच्या शिकंज्यात आवळला, मीटर जोडला, गॅसची टॉर्च पेटवून ज्योत टोकावर धरली. मेलेला असता तर काटा हलला नसता. एक मिनिट गेलं, टोक तापलं, आणि काटा सरसरत वर गेला. ज्योत बाजूला केली, काटा खाली. परत धरली, परत वर.

सेन्सर ठणठणीत होता. दोन आठवडे तो खरं बोलत होता.

टॉर्च बंद करायला मिस्तरींना दोन्ही हात लागले. ज्या तड्यातून हवा आत जाते त्या तड्यातून धूर बाहेर येतो. तडा इंजिनाच्या मागे, पत्र्याखाली. त्याच्याच वर, पुढच्या काचेच्या खालच्या जाळीतून हीटर हवा ओढतो. आणि हवा जास्त आहे असं समजून संगणक पेट्रोल ओततोय, म्हणून धूर आणखी विषारी. हीटर लावला की जास्त, ती म्हणाली होती. डोकं धरतं, म्हणाली होती. आणि पोरगी पाच मिनिटांत गुडूप, उठवून उठवून दमले. अरे देवा, ती झोप नव्हती.

त्यांनी फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. लेक फोन उचलणार नव्हती, कारण तिला बाबांनी तसं शिकवलं होतं.

"अगं!" मिस्तरी जिन्याखालून ओरडले. आवाज चिरकला. "अगं, खाली ये! तशीच ये!"

बायको पिठाच्या हातांनी खाली आली. नवऱ्याचं तोंड बघून तिने काही विचारलं नाही. बाहेर बेकरीवाल्याची व्हॅन उभी होती, चावी लावलेली. मिस्तरींनी जवळचा पाना खिशात कोंबला, का ते त्यांनाही माहीत नव्हतं, आणि दोघं व्हॅनमध्ये चढली.

रस्त्याला लागेपर्यंत त्यांनी सांगून टाकलं. तडा, धूर, हीटर. बायको फोन लावत होती, कानाला धरत होती, परत लावत होती.

"पण तिने सांगितलं होतं ना वास येतो म्हणून," ती म्हणाली. "तुम्ही बघितलं होतं ना."

पुढे ट्रक होता, मिस्तरींनी तो डावीकडून काढला, आयुष्यात कधी केलं नव्हतं ते.

"बघितलं होतंत ना?"

"मला वास येत नाही," मिस्तरी म्हणाले. "त्या तापापासून."

त्यांना वाटलं ती किंचाळेल. ती खिडकीबाहेर बघत राहिली. "माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी दूध जळून कोळसा झालं. सगळं घर धुराने भरलं आणि तुम्ही शेजारी बसून पेपर वाचत होता. तेव्हाच कळलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुमचं नाक कापायला मी कशाला जाऊ?" मग तिचा आवाज फुटला. "मी मेले का नाही तेव्हाच! माझी पोर सांगत होती वास येतो आणि मी जिन्यावर उभी राहून ऐकत होते. तोंडात काय मिठाची गुळणी धरली होती मी? चालवा हो, चालवा, जोरात चालवा!"

मिस्तरी चालवत होते. व्हॅनचा काटा ऐंशीच्या वर जात नव्हता. प्रत्येक वळणावर ते रस्त्याच्या कडेला बघत. एका ठिकाणी गर्दी दिसली, माणसं खाली खड्ड्यात वाकून बघत होती, आणि मिस्तरींच्या तोंडचं पाणी पळालं. जवळ गेल्यावर खड्ड्यात म्हातारी नाही, खोक्यांचा टेम्पो उलटलेला दिसला आणि त्यांना बरं वाटलं. कोणाचा तरी टेम्पो उलटला म्हणून बरं वाटलं, याची लाज त्यांना नंतर कधीतरी वाटली.

एकच आशा होती. निघताना पेट्रोलचा काटा पावच्या खाली होता. एरवी म्हातारीने तेवढ्यावर निम्मा रस्ता काढला असता, पण आता ती ढोसत होती. वाटेत एक लांब बोगदा लागायचा आणि त्याच्या अलीकडे एक पंप होता, गॅरेजपासून चाळीस किलोमीटरवर. तिथे थांबावंच लागणार. बोगद्याच्या आत ती झोपली तर, हा विचार त्यांच्या मनात आला आणि त्यांनी तो मनाबाहेर ढकलायचा प्रयत्न केला. तो गेला नाही.

पंपावर वळले तेव्हा म्हातारी त्यांना लगेच दिसली. हवा भरायच्या नळापाशी, बाजूला. काचा बंद, आतून धुक्याने पांढऱ्या झालेल्या. इंजिन चालू होतं.

"त्या झोपल्यात हो," पंपावरचा माणूस पुढे येत म्हणाला. "पेट्रोल भरलं, आमच्या ऑफिसात बसून बाळाला पाजलं. चक्कर येते म्हणाल्या. म्हटलं बसा अजून, तर म्हणाल्या गाडीतच दोन मिनिटं पडते. पंधरा मिनिटं झाली असतील. बाळ झोपलंय म्हणून आम्ही हाक नाही—"

मिस्तरींनी काच ठोकली. लेकीचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं, तोंड उघडं. ती हलली नाही. दार आतून बंद. ते पलीकडे पळाले, खिशातला पाना काढला आणि पुढच्या डाव्या काचेवर घातला. पहिल्याने तडा गेला, दुसऱ्याने काच पडली. आतली कोंडलेली हवा त्यांच्या तोंडावर आली आणि मागे उभा असलेला पंपवाला तोंड फिरवून खोकला. "बाप रे, काय धूर कोंडलाय!" तो म्हणाला. मिस्तरींना काही आलं नाही. त्यांनी आत हात घालून चावी फिरवली, कुलूप वर केलं.

लेकीला त्यांनी आणि पंपवाल्याने काखेत धरून बाहेर ओढलं. थंड फरशीवर ठेवलं तशी ती कुशीवर वळून ओकली. ती ओकली याचा मिस्तरींना इतका आनंद झाला की ते गुडघ्यावर बसले. मग त्यांनी वर बघितलं.

बायको टोपली घेऊन उभी होती. दुपटी सुटलेली, टोपी खाली पडलेली. ठमीचा एक हात टोपलीच्या काठावरून लोंबत होता.

"अहो," बायको म्हणाली. "अहो, ही उठत नाही."

मिस्तरींनी नातीला उचललं. ती फडक्यासारखी मऊ होती. ते तिला घेऊन रस्त्याकडे चालत सुटले, वाऱ्याच्या बाजूला, मोकळ्या हवेत. तिच्या तळव्यांना टिचक्या मारल्या, गालावर फुंकलं. "ठमे. ए ठमे. ऊठ की गं, ऊठ, आजोबांना शिव्या घाल, ऊठ." मागून पंपवाला फोनवर अॅम्ब्युलन्सला पत्ता सांगत होता, तो दोनदा चुकला आणि दोनदा त्याने दुरुस्त केला. मिस्तरींना कळलं नाही किती वेळ गेला. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते त्यांना तिथे, पंपाच्या कडेला कळलं. त्यांना फक्त तिच्या छातीकडे बघता येत होतं, ती हलतेय का, आणि ती हलत होती, पण अगदी थोडी, आणि दर वेळी पुढची हालचाल येईपर्यंत त्यांचा स्वतःचा श्वास थांबत होता.

मग ठमीने तोंड वाकडं केलं. आवाज आला नाही. परत वाकडं केलं आणि एक बारीक, चिडका, खरखरीत सूर निघाला. कोणी लांबवर दार ओढावं तसा. मग दुसरा. तिसऱ्याला ती खरोखर रडली.

दवाखान्यात दुपारी दोघींना एकाच पलंगावर ठेवलं होतं. दोघींच्या तोंडावर मास्क, मोठा आणि छोटा, आणि भिंतीतल्या नळीतून येणाऱ्या प्राणवायूची सूं-सूं. डॉक्टर तरुण बाई होती. वेळेत आलात, म्हणाली. अजून अर्धा तास गेला असता तर, आणि पुढचं तिने सांगितलं नाही. रात्रभर ठेवू, रक्त परत तपासू, पण काळजीचं टळलंय.

मग ती कागदावर लिहिता लिहिता म्हणाली, "पण दोन आठवडे चाललं होतं म्हणता. गाडीत धुराचा वास नव्हता येत?"

लेकीने मास्क जरा वर केला. "येत होता की," ती म्हणाली. "पण बाबांना नाही आला ना."

ती हे तक्रार म्हणून बोलली नव्हती. एवढं सांगितल्यावर पुढे सांगायला काही उरत नाही, अशा सुरात बोलली होती. डॉक्टरने मिस्तरींकडे बघितलं. त्यांच्या बोटांना काजळी होती, तळहाताला काच लागून पट्टी बांधलेली होती.

"तसा धुरातल्या त्या विषारी वायूला, कार्बन मोनॉक्साइडला, स्वतःला वास नसतो म्हणा," डॉक्टर म्हणाली.

सुटायला वाट होती. नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. नाकवाले मिस्तरी नाकवाले राहिले असते आणि दोष वायूवर गेला असता. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बायको बसली होती, ती त्यांच्याकडे बघत नव्हती, मुद्दामच. मिस्तरींना पंपावर वाटली नव्हती अशी वेगळी भीती वाटली, थंड, आठ महिने ओळखीची.

"धुराला असतो," ते म्हणाले. "मला येत नाही. मला कसलाच वास येत नाही. आठ महिने झाले. सकाळी गाडीत मी नुसतं नाटक केलं."

डॉक्टरने लिहायचं थांबवलं, मग कागद उचलून ती बाहेर गेली. लेक वर छताकडे बघत होती. आठ महिने. ती मनात मोजत असावी, कारण थोड्या वेळाने तिने मान वळवली.

"म्हणजे ठमी झाली त्या दिवशी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, हिला माझाच वास आहे."

"हो."

"तेव्हा?"

"काही आलं नव्हतं."

लेकीच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे गेलं. तिने ते पुसलं नाही. मिस्तरी पलंगाजवळ आले. ठमी मास्कच्या आत मिटमिट डोळे करत होती, टोपी नव्हती, डोक्यावरचं जावळ चिकटलेलं होतं. त्यांना तिच्या डोक्याला हात लावायचा होता. त्यांनी लावला नाही.

"कसला वास येतो गं तिला?" त्यांनी विचारलं. आठ महिने त्यांनी हा प्रश्न शेकडो माणसांना विचारला होता. आज पहिल्यांदा त्यांना उत्तर हवं होतं.

लेकीने आपला मास्क गळ्यावर ओढला. कशीबशी कोपरावर उठली, डोळे मिटले, मान पुढे केली आणि बाळाच्या डोक्याशी एक लांब श्वास घेतला, अगदी बाबांसारखा.

"धुराचा," ती म्हणाली.